वेशीवरची लक्तरे

'लक्तरे वेशीवर टांगणे' हा वाक्प्रचार मराठीत अब्रू चव्हाट्यावर येण्याच्या अर्थाने वापरला जातो, आणि त्यामागे असे गृहीत धरलेले असते की, फाटके-विटके वस्त्र ही घराच्या आडोशाला ठेवायची वस्तू असून ती गावाच्या प्रवेशद्वाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडेल अशी टांगली जाणे म्हणजे त्या घराची नाचक्की होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहराच्या वेशीवर हे अक्षरशः घडले. शहरातून हुसकावल्या गेलेल्या चिंधीवाल्यांनी तटाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर जुने कपडे मांडले, आणि पुढच्या शंभर वर्षांत तीच जागा जगभरच्या हौशी ग्राहकांनी आवर्जून जाण्याची झाली.

मुंबईलाही अशी एक वेस आहे. बृहन्मुंबईची उत्तर हद्द दहिसरला संपते आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात बंद होईपर्यंत त्या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत असत. या वेशीपलीकडे, मीरा रोडनंतरच्या भाईंदर स्थानकाच्या पूर्वेला गोडदेव हे जुने गावठाण आहे. त्याच्या भोवताली इमारती आणि औद्योगिक गाळे इतके दाटले आहेत की, गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे नाक्याच्या नावावरूनच काय ते कळते. जुन्या कपड्यांचा व्यवहार पॅरिसइतकाच येथेही चालत आला आहे. फरक इतकाच की, पॅरिसच्या वेशीवर तो 'फॅशन' ठरला आणि मुंबईच्या वेशीवर तो जिन्यापाशी, दाराच्या उंबऱ्यावर, कोणाच्या फारसे ध्यानात न येता उरकला जातो. हे दोन व्यवहार शेजारी ठेवून पाहिले तर असे दिसते की, जुन्या वस्त्राचे मोल ठरवण्यात त्याच्या झिजेपेक्षा, त्याला आणि ते हाताळणाऱ्या माणसाला शहराने दिलेल्या जागेचा वाटा मोठा असतो.

पिसवांचा बाजार

पॅरिसमध्ये चिंध्या वेचणाऱ्याला 'शिफोनिए' म्हणत असत. पाठीवर वेताची करंडी आणि हातात आकडा घेऊन हे लोक रात्री रस्त्यावरच्या कचऱ्यातून कापड, हाडे, काच आणि लोखंड निवडत, आणि त्यांच्या मालाला पक्के गिऱ्हाईक होते, कारण लाकडाच्या लगद्यापासून कागद बनवण्याची रीत रूढ होण्यापूर्वी युरोपातील कागद सुती आणि तागाच्या चिंध्यांपासूनच बनत असे. १८८३ मध्ये सेन प्रांताचा प्रशासक एजेन पुबेल याने घरोघरचा कचरा झाकणाच्या डब्यांत ठेवण्याचा हुकूम काढला आणि ओला कचरा, कागद व चिंध्या, काच व चिनी माती असे तीन वेगळे डबे सांगितले. या हुकमाने चिंधीवाल्यांच्या पोटावर पाय आला. हुकूम काढणाऱ्याचे नाव मात्र अमर झाले, कारण फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात.

शहराच्या आत थारा न उरलेले चिंधीवाले १८४० च्या दशकात बांधलेल्या तटाबाहेर, क्लिन्यांकूर वेशीपलीकडे सँ-तुआँ या वस्तीत स्थिरावले. रविवारी हवा खायला तटाबाहेर पडणारे पॅरिसकर तेथे थांबून जुने कोट, बूट आणि घड्याळे पाहू लागले, आणि कपड्यांतून अंगावर येतील अशा किड्यांवरून या बाजाराला 'मार्शे ओ पुस', म्हणजे पिसवांचा बाजार, असे नाव पडले. जगभर रूढ असलेला 'फ्ली मार्केट' हा शब्द त्याचेच भाषांतर आहे. १८८५ हे या बाजाराचे अधिकृत जन्मवर्ष मानले जाते, आणि ते तसे मानण्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी सँ-तुआँच्या नगरपालिकेने तेथील वाटा साफसूफ करून घेतल्या आणि माल मांडणाऱ्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला. शुल्क घेतले याचाच अर्थ असा की, नगरपालिकेने त्यांचे तेथे असणे मान्य केले. १९२० मध्ये वेर्नेझाँ नावाच्या गृहस्थाने आपल्या जमिनीवर लाकडी खोपट्या उभारून त्या भाड्याने दिल्या, त्यानंतर एकामागून एक बंदिस्त बाजार उभे राहिले, आणि तट पाडला गेला तरी बाजार हलला नाही.

शहराच्या आतही जुन्या कपड्यांना एक ठिकाण होते. तांप्ल या भागात नेपोलियनच्या काळापासून जुन्या वस्त्रांचा मोठा बाजार भरत असे आणि १८६३ मध्ये त्यासाठी लोखंड व काचेची इमारत उभी राहिली. बाजाराच्या चार भागांना विक्रेत्यांनीच नावे ठेवली होती. रेशीम आणि लेस विकणाऱ्या भागाला राजवाड्याचे नाव होते, तर मोडक्यातोडक्या मालाच्या भागाला 'पू-व्होलाँ', म्हणजे उडती ऊ, म्हणत. एकाच छपराखालची ही उतरंड पाहिली की, जुन्या मालातही अभिजन आणि हीनजन असतात हे कळते. हा बाजार ज्या वस्तीला लागून आहे तिचे नाव 'मारे', म्हणजे दलदल, मराठीत सांगायचे तर खाजण. भाईंदर परिसरातील खाजणे आणि मिठागरे बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या, तशीच ही वस्तीही कधीकाळी पाणथळ जमिनीवर वसली, आणि आज पॅरिसमध्ये वापरलेल्या कपड्यांची, म्हणजे तेथील भाषेत 'फ्रिपरी'ची, सर्वांत दाट गर्दी याच गल्ल्यांतून आढळते. कुठे वजनावर शर्ट विकले जातात, तर कुठे नामांकित शिवणघराचा पन्नास वर्षांपूर्वीचा एकच कोट काचेआड टांगलेला असतो.

चिंधीची साडी कशी झाली

'शिफोनिए' हा शब्द ज्या 'शिफाँ'वरून आला त्याचा फ्रेंच अर्थ चिंधी किंवा पुसायचे फडके असा आहे. हाच शब्द पुढे तलम, पारदर्शक, पीळदार सुताच्या रेशमी कापडाला लागला आणि मराठी घरांत 'शिफॉन' म्हणून आला. लग्नसराईच्या दुकानात शिफॉनची साडी उलगडून दाखवताना आपण मूळ अर्थाने चिंधी दाखवत आहोत हे विक्रेत्याच्या स्वप्नातही नसते. ही चिंधी साडीच्या रूपात प्रतिष्ठित करण्याचे श्रेय ज्या व्यक्तीला दिले जाते ती मराठी राजघराण्यातील होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कन्या इंदिराराजे (१८९२–१९६८) लग्नानंतर कूचबिहारच्या महाराणी झाल्या, ऐन तारुण्यात वैधव्य आल्यानंतर युरोपात त्यांचा बराच वावर राहिला, आणि फ्रान्समधील विणकरांकडून साडीच्या पन्ह्याचे साधे शिफॉन करवून घेऊन त्यांनी ते नेसण्याची रीत पाडली. भरजरी शालूच्या जागी अंगासरशी बसणारे, बिनकाठाचे, फिक्या रंगाचे वस्त्र राजस्त्रियांनी पत्करले आणि त्यांच्या मागोमाग शहरी मध्यमवर्गाने व हिंदी चित्रपटाने ते उचलले.

जुन्या कपड्यांना फॅशनचा दर्जा मिळण्यातही असाच एक वळणाचा क्षण दाखवता येतो. पॅरिसची उंची शिवणघरे, ज्यांच्या कामाला 'ओत कुत्यूर' म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेला उच्च दर्जाचा पोशाख म्हणतात, ती १८५८ मध्ये चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज शिंप्याने घातलेल्या पायावर उभी आहेत, आणि नव्याचा हव्यास हाच त्यांचा धर्म होता. जानेवारी १९७१ मध्ये ईव्ह सँ लोराँ या रचनाकाराने मात्र १९४० च्या दशकातील पोशाखांवरून बेतलेला संग्रह मांडला. त्याची मैत्रीण पालोमा पिकासो, म्हणजे चित्रकार पाब्लो पिकासो यांची कन्या, पिसवांच्या बाजारातून घेतलेले जुने कपडे वापरत असे आणि त्यावरूनच त्याला हे सुचले होते. जर्मन ताब्यातील पॅरिसच्या कडू आठवणी या पोशाखांना चिकटलेल्या असल्याने समीक्षकांनी त्याच्यावर आगपाखड केली. तरुणींनी तोच बाज उचलून धरला, आणि गरजेपोटी जुने घालणे व हौसेने जुने घालणे यांतील फरक त्यानंतर उघडपणे बाजारात उतरला.

या दुसऱ्या प्रकारच्या मालाला 'विंटेज' म्हणतात. हा शब्द मुळात द्राक्षांच्या सुगीचा असून विशिष्ट वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या मद्यासाठी तो वापरला जाई. कपड्यांच्या व्यापारात साधारणतः वीस वर्षांहून जुन्या आणि आपल्या काळाची खूण अंगावर बाळगणाऱ्या कपड्याला तो लावतात. केवळ वापरून झालेला कपडा 'सेकंडहँड' राहतो, तर ज्याचे शिवणघर, दशक, कापड आणि कापणी सांगता येते तो विंटेज होतो. तेव्हा कपडा जुना असण्याच्या जोडीला त्याची वंशावळ सांगणारे कोणीतरी असावे लागते, आणि ती सांगायला एक दुकान, एक पाटी आणि ग्राहकाने थांबावे अशी जागा लागते.

दुपटे, गोधडी आणि जर

मराठी घरात जुन्या वस्त्राची किंमत कोणाला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. तान्ह्या मुलाला नव्या कापडाऐवजी आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी करण्याची चाल घरोघर होती, आणि अनेक धुण्यांनी खळ व ताठरपणा गेलेले सूत बाळाच्या कातडीला बोचत नाही हा अनुभव तिच्यामागे होता. साडीचे आयुष्य पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाई. सणाची साडी रोजची होई, रोजची विरली की तिचे दुपटे, दुपट्याचे पोतेरे, आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचे थर एकावर एक रचून धावदोऱ्याने गोधडी किंवा वाकळ शिवली जाई. गोधडीच्या वरच्या थरावर कोणाच्या कोणत्या प्रसंगाच्या साडीचा तुकडा आहे हे शिवणारी बाई सांगू शके, म्हणजेच वंशावळ सांगण्याचे काम विंटेजच्या पॅरिसमधील विक्रेत्याइतक्याच नेमकेपणाने घरात होत असे.

मीरा-भाईंदरच्या किनारपट्टीवरील उत्तन, डोंगरी आणि भाईंदर या गावांतील मराठीभाषी ख्रिस्ती समाजात, ज्याने १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, चौकड्यांचे जुने लुगडे पेटीत जपून ठेवण्याची आणि लग्नकार्यात किंवा सुगीच्या आगेरा सणाला ते नेसण्याची प्रथा टिकून आहे. या समाजापुरते पाहिले तर वारशाचा पोशाख सणाला मिरवणे ही गोष्ट पॅरिसहून शिकण्याची गरज कधीच पडली नाही.

मौल्यवान वस्त्राच्या बाबतीत मात्र उलट घडले. जुन्या पैठणीची किंवा शालूची अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार असते. वस्त्र विरले की जरीचे काठ-पदर वजनावर विकत घेणारे फिरते व्यापारी दारात येत आणि ते जाळून चांदी वेगळी काढली जाई, त्यामुळे अनेक घरांतील पिढीजात पैठण्या भट्टीत गेल्या. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, येवला व पैठण येथील मागांना पुन्हा मागणी आली, आणि आता अस्सल जरीच्या जुन्या पैठणीचा काठ नव्या कापडावर चढवून देणारे कारागीर शोधले जातात. वितळवून मिळालेल्या चांदीपेक्षा ते वस्त्र अखंड अधिक मोलाचे होते, हे ध्यानात यायला दोन पिढ्या जाव्या लागल्या.

भाषेने जुन्या कापडाला फारशी दयामाया दाखवलेली नाही. 'चिंधीचोर' ही क्षुद्रपणाची शिवी आहे, आणि नको असलेल्या मुलीला 'चिंधी' म्हणण्याची रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की, अनाथांच्या माई सिंधुताई सपकाळ यांचेही बालपणीचे नाव तेच होते. या तिरस्काराला सर्वांत ठसठशीत उत्तर गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) आपल्या वेषाने दिले. ठिगळांची गोधडी पांघरून फिरल्यामुळे लोक त्यांना गोधडेबुवा आणि चिंधेबुवा म्हणत, आणि ज्या वस्त्राची लाज वाटावी तेच अंगावर घेऊन त्यांनी गावोगावच्या वेशी झाडल्या.

बोहारणीचे शास्त्र

पॅरिसच्या शिफोनिएचे काम मुंबई-पुण्याकडे बोहारीण करते. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर कपड्यांचे गाठोडे घेऊन ती दुपारच्या निवांत वेळी दारोदार फिरते, आणि जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देते. पैशाविना चालणारा हा व्यवहार म्हणजे महानगराच्या पोटात टिकून राहिलेली वस्तुविनिमयाची पद्धत होय. या धंद्यातील बहुसंख्य कुटुंबे मूळ गुजरातची असून ती वाघरी म्हणून ओळखली जातात. या नावाला चिकटलेल्या हिणकस अर्थामुळे समाजाने 'देवीपूजक' हे नाव पसंत केले आहे. दिल्लीतील याच समाजाच्या धंद्याचा अभ्यास करून मानववंशशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी २०१० मध्ये 'रिसायकलिंग इंडियन क्लोदिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. रघुबीरनगरच्या पहाटेच्या बाजारात घरोघरून गोळा झालेल्या रेशमी साड्या कशा निवडल्या जातात आणि त्यांतून पर्यटकांसाठी व निर्यातीसाठी पाश्चात्त्य घाटाचे कपडे व उशांचे अभ्रे कसे शिवले जातात, हे त्यात सविस्तर आले आहे. भारतीय गृहिणीने जुनी म्हणून दिलेली साडी परदेशी ग्राहकाच्या हाती नवलाईची वस्तू म्हणून पोहोचते, ती अशी.

बोहारणीची पारख हे एक शास्त्र आहे. शर्ट हातात आला की ती आधी कॉलरची घडी आणि मनगटाची पट्टी पाहते, पँटचा बसण्याचा भाग उजेडासमोर धरते, चेन ओढून पाहते, साडीचा काठ आणि पदर तपासून फॉल कुठे उसवला आहे ते बघते, आणि जरीच्या किंवा रेशमी वस्त्रावर नजर जास्त वेळ टिकू न देता ते सहजपणे बाजूला ठेवते, कारण तिची नजर ओळखून घरधनीण भांड्याची मागणी वाढवणार हे तिला ठाऊक असते. टेरिकॉटची पँट तिला चालते, विरलेला सुती सदरा चालत नाही. मग 'अजून एक साडी टाका, वहिनी' आणि 'मग झाकणही द्या' अशी घासाघीस होते, मधूनच पाटी उचलून निघून जाण्याचा आविर्भाव होतो, आणि शेवटी पातेले किंवा डबा घरात जातो.

या पातेल्याच्या निमित्ताने गोडदेव परिसराचा या व्यवहाराशी आणखी एक धागा जुळतो. पूर्वी पितळ आणि 'जर्मन', म्हणजे अॅल्युमिनियम, या धातूंची भांडी घेऊन फिरणारी बोहारीण स्वातंत्र्योत्तर काळात स्टेनलेस स्टीलकडे वळली, आणि स्टीलची भांडी बनवणाऱ्या लहान कारखान्यांची मोठी दाटी भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून झाली. पत्र्याच्या गोल चकत्या, ज्यांना धंद्यात 'सर्कल' म्हणतात, यंत्रदाबाखाली खोलगट केल्या जातात, काठ वळवले जातात आणि शेवटी पॉलिश होते. हे पॉलिश करणारे चाक, म्हणजे 'बफ', सुती कापडाचे थर एकावर एक शिवून केलेले असते, आणि त्याच्या वेगवान घर्षणाने भांड्याला आरशासारखी चकाकी येते व कारागिराच्या अंगावर काळी भुकटी बसते. ज्या भांड्याच्या मोबदल्यात कापड दिले जाते ते भांडे मुळात कापडानेच उजळलेले असते.

गाठोड्याचा पुढचा प्रवास

गाठोडे घरी गेले की छटाई होते. धडके कपडे धुऊन, रफू करून, बटणे लावून आणि कडक इस्त्री करून पदपथावरच्या बाजारात विकले जातात व रोजंदारीवरील मजुरांच्या अंगावर चढतात; फाटके सुती कापड यंत्रे पुसण्याच्या चिंध्या म्हणून वर्कशॉपकडे वळते. लोकरी मालाचे देशातील मुख्य ठिकाण मराठी इतिहासात वेगळ्याच कारणाने कोरले गेलेले पानिपत आहे. तेथे जगभरातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांची बटणे आणि चेन कापून, रंगवार ढीग लावून ते पिंजले जातात आणि पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. या प्रक्रियेला 'शॉडी' म्हणतात; १८१३ मध्ये इंग्लंडमधील बॅटली या गावी बेंजामिन लॉ याने ती प्रथम यशस्वी केली, आणि पुढे इंग्रजीत हा शब्दच हलक्या प्रतीच्या मालासाठी रूढ झाला, म्हणजे चिंधीची अवहेलना करण्यात इंग्रजीनेही मराठीची साथ दिली.

परदेशातून वापरलेले कपडे भारतात आणायला परवाना लागतो, देशी वस्त्रोद्योगाचे रक्षण हा त्यामागचा हेतू आहे. म्हणून पानिपतला जाणारा माल पुन्हा घालता येऊ नये असा आधीच कापून चिंधी केलेला असावा लागतो. १९६५ मध्ये आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र म्हणून सुरू झालेल्या कांडला येथे पाश्चात्त्य देशांतील उतारा मोठ्या प्रमाणावर निवडला जातो आणि त्यातील बराचसा भाग आफ्रिकेकडे पुन्हा निर्यात होतो. मुंबईत आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा वांद्र्याच्या हिल रोडवर निर्यातीतून उरलेला नवा माल मुख्यतः विकला जातो, त्यामुळे त्या बाजारांना पॅरिसच्या फ्रिपरीचे भावंड म्हणणे बरोबर ठरणार नाही. बोहारणीचा व्यवहारच तिच्या अधिक जवळचा आहे, पण त्याला दुकान नाही, पाटी नाही आणि पत्ताही नाही.

फाटकाबाहेर

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १२ जून १९८५ रोजी स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ वर पोहोचली. वाढत्या वस्तीबरोबर कपड्यांचे ढीगही वाढले, पण चाळी आणि खुल्या जिन्यांच्या इमारतींच्या जागी फाटक, पहारेकरी आणि नोंदवही असलेली संकुले आली, आणि फेरीवाल्यांना मज्जाव असल्याच्या पाटीने बोहारीण फाटकाबाहेर राहिली. कपडे स्वस्त झाल्याने आणि एका हंगामापुरते घेतले जाऊ लागल्याने तिच्या हाती पडणाऱ्या कापडाची प्रतही उतरली. दुसरीकडे, जुने कपडे निवडून, छायाचित्रे काढून समाजमाध्यमांवर 'थ्रिफ्ट' या नावाने विकणारी दुकाने सुशिक्षित तरुणांनी सुरू केली, आणि जे काम हीन समजले जाई तेच इंग्रजी नावाने पर्यावरणस्नेही ठरले.

याच काळात युरोप कायदे करून तेथवर येत आहे, जेथे बोहारीण कायद्याविना पोहोचली होती. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून वापरलेले कापड इतर कचऱ्यापासून वेगळे गोळा करणे सदस्य देशांना बंधनकारक केले आहे, आणि फ्रान्सने २०२३ च्या अखेरीपासून कपडे दुरुस्त करून घेणाऱ्याला ६ ते २५ युरोंपर्यंतची सूट देण्यास सुरुवात केली. फ्रान्समधील आणखी एक प्रथा मराठी वाचकाला लगेच समजेल अशी आहे. 'व्हीद-ग्रेनिए', शब्दशः 'माळा रिकामा करणे', या नावाने नगरपालिकेच्या संमतीने रस्त्यावर बाजार भरतो आणि सामान्य कुटुंबे त्या दिवशी आपल्या माळ्यावरचे जुने सामान व कपडे स्वतः विकतात. व्यापारी नसलेल्या माणसाला वर्षातून दोनदाच अशी विक्री करता येते.

बोहारणीच्या धंद्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात डोक्यावरचे ओझे आहे, दारातला अपमान आहे, जातीचा शिक्का आहे, आणि या समाजाच्या मुलींनी शाळा-कॉलेजात जाऊन हा धंदा सोडला तर त्याचे दुःख करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पॅरिसचा इतिहासही निर्भेळ आदर्श म्हणून घेता येत नाही. पिसवांच्या बाजाराला नाव आणि कीर्ती मिळाली तेव्हा तेथे पुराणवस्तूंचे धनवान व्यापारी आले, गाळ्यांची भाडी चढली, आणि ज्यांनी वेशीवर पहिली लक्तरे मांडली त्या चिंधीवाल्यांचा मागमूसही उरला नाही. जागा मिळाली, पण ती त्यांच्या नावावर झाली नाही.

या एका बाबतीत भारतीय कायदा सँ-तुआँच्या नगरपालिकेच्या पुढे आहे. पथविक्रेता अधिनियम २०१४ मध्ये एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरून माल विकणाराही पथविक्रेता मानला आहे, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करण्यास सांगितले आहे, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रियांना दिल्या आहेत, विक्री प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देण्यास मनाई केली आहे आणि विक्रेत्याच्या मृत्यूनंतर ते जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला मिळण्याची सोय ठेवली आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिकेने या कायद्याच्या आधारे गोडदेव परिसरात आठवड्यातून अर्धा दिवस जुन्या कपड्यांसाठी एक मोकळी जागा नेमून द्यावी, ती बोहारणींच्या नावे नोंदवावी, आणि गृहसंकुलांनी दसरा-दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत आपला माळा तेथे रिकामा करावा, एवढी मागणी खर्चिक नाही. तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे: या दिवाळीत कपाट आवरताना धडके कपडे कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नयेत, आणि बोहारीण फाटकाशी आली तर तिला आत सोडावे, असे पहारेकऱ्याला सांगून ठेवावे.